दुसरे कासव

मार्च २०२४ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातले एक म्हातारे कासव गेले. चाणक्य त्याचे नाव. गॅलापॅगोस जातीचे, वय सुमारे १२५ वर्षे. हा हिशेब खरा धरला तर सहावा निजाम गादीवर असताना ते जन्मले. १९६३ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले तेव्हा बाग-ए-आममधून, म्हणजे आजच्या पब्लिक गार्डनमधून, त्याला तिथे हलवण्यात आले होते. त्याच आवारात त्याच्याबरोबर सुमारे ९५ वर्षांचे दुसरे एक कासव राहत होते, असेही बातमीत होते.

आमच्या शिक्षक-खोलीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची जुनी पद्धत आहे. बातमी संपताच आमच्यातले एक तरुण शिक्षक हळहळून म्हणाले, "आता त्या दुसऱ्याला किती एकटं वाटत असेल! सोबतीला एखादं आणून सोडायला पाहिजे." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती. पण नेमके हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी १९९१ साली हैदराबादेतच उच्चारले होते, आणि नुसते उच्चारून थांबलो नव्हतो. त्याचीच हकीकत सांगायची आहे.

उस्मानिया विद्यापीठात तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करीत असताना मी आत्याकडे राहत असे. आपल्या भागातल्या पुष्कळ कुटुंबांचे असे एखादे माणूस हैदराबादेत असतेच. आत्याचे घर काचीगुड्याच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला. दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचे अंगण, एका टोकाला तुळशीवृंदावन, दुसऱ्या टोकाला हौद, आणि चारी बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत. मूलबाळ नव्हते. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन चार वर्षे झाली होती. त्यांच्या मागे घरात राहिले होते ते त्यांनीच कधीतरी आणलेले एक कासव. काळ्या घुमटावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेले, जमिनीवरचे, ज्याला आज आपण तारा कासव म्हणतो ते. आत्या त्याला 'बुवा' म्हणे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, मिळेल ते खावे आणि उन्हाला बसावे, म्हणून बुवा.

बुवाचा दिनक्रम घड्याळासारखा होता. सकाळी ऊन भिंतीवरून खाली उतरले की वृंदावनाच्या आडोशातून बाहेर यायचे, तांदूळजाची पाने आणि जास्वंदीची फुले खायची, अंगणाला एक फेरी मारायची आणि दुपारी हौदाच्या सावलीत पाय आखडून बसायचे. आत्या त्याच्याशी मराठीत बोले, शेजाऱ्यांशी दखनीत आणि भाजीवालीशी तेलुगूत. बुवाला कुठलीच भाषा येत नव्हती, त्यामुळे तक्रार नव्हती.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि हैदराबादेत फार एकटा होतो. हे आज लिहितो. तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा मला एवढेच वाटे की बुवा फार एकटा आहे. संध्याकाळी अभ्यासाला अंगणात बसलो की ते हौदापाशी निश्चल बसलेले दिसे आणि माझ्या पोटात कालवे. एके रविवारी मी जुन्या शहरात गेलो. पक्षी आणि लहानसहान प्राणी विकणाऱ्या एका माणसाकडे पोत्यात कासवे होती. त्यातले एक, बुवापेक्षा बरेच लहान, मी उचलले आणि पिशवीत घालून बसने घरी आणले. असे प्राणी विकणे आणि घेणे कायद्याला धरून नाही, याची मला कल्पना नव्हती. असती तरी त्या वयात तिकडे कितपत लक्ष दिले असते, सांगवत नाही.

आत्याने पिशवीत डोकावून पाहिले. म्हणाली, "हे कशाला?"

मी म्हणालो, "बुवाला सोबत."

"त्यानं मागितली होती का रे?"

मी हसलो. आत्याही हसली. प्रश्न तिथेच राहिला.

पहिले आठ-दहा दिवस आम्ही दोघे अगदी कौतुकात होतो. नवे कासव बुवाच्या मागे-मागे जाई. बुवा वृंदावनामागे गेला की तेही वृंदावनामागे. बुवा पानांपाशी आला की तेही पानांपाशी, किंबहुना पानांवरच जाऊन बसे. मधूनच टक्-टक् असा कवचावर कवच आपटल्याचा आवाज येई. मी आत्याला म्हणे, "बघ, कसे खेळतात!" रात्री नवे कासव बुवाच्या पाठीवर अर्धवट चढून झोपलेले दिसे. मी ते दृश्य वर्गातल्या मित्रांनाही वर्णन करून सांगितले होते.

पलीकडच्या घरात एक निवृत्त मौलवीसाहेब राहत. ते एकदा काही कामाने अंगणात आले, थोडा वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "खेल नईं रैं मियाँ, झगड़ रैं." मला ते आवडले नाही. म्हाताऱ्या माणसाला सगळीकडे भांडणच दिसते, असे मनात म्हणालो.

त्या वर्षी पावसाळ्यात फरशी सतत ओली राही. बुवा आता सकाळी उन्हाला येईनासा झाला होता. आला तरी वृंदावनाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसे. आम्ही म्हटले, पावसाचा गारठा आहे. मग नव्या कासवाच्या नाकाला बुडबुडे दिसू लागले, आठवड्याने बुवाच्याही. मान लांब करून, तोंड उघडून ते श्वास घेऊ लागले. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की गाई-म्हशींखेरीज आपल्याला फारसा अनुभव नाही. नवे कासव वाचले. बुवा श्रावणात एके सकाळी भिंतीकडे तोंड केलेल्या स्थितीतच गेला. आत्याने त्याला वृंदावनाशेजारी पुरले. मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

पुढे मिळेल तिथे कासवांविषयी वाचण्याची मला सवय लागली. अपराधी माणसाला आपल्या अपराधाचे शास्त्र पाठ असते. जमिनीवरच्या बहुतेक कासवांना कळप नसतो. ती आपापल्या टापूत फिरतात. दुसरे भेटले तर हुंगतात, झुंजतात किंवा जुगतात, आणि आपल्या वाटेने निघून जातात. बंदिस्त जागेत दोन नर ठेवले तर धडका देऊन एकमेकांना उलटे पाडू पाहतात. एक नर आणि एकच मादी ठेवली तर नर तिला अष्टौप्रहर पिडतो, आणि ती खाणे सोडून कोपरा धरते. म्हणून जाणते लोक सांगतात की ठेवायचीच झाली तर एकेकटी ठेवावीत, नाही तर एका नराला अनेक माद्या. जागा ऐसपैस हवी, मध्ये झुडपे-दगडांचे आडोसे हवेत म्हणजे एकाला दुसऱ्याच्या नजरेआड होता येईल, खाणे दोन-तीन ठिकाणी टाकावे. नव्या कासवाला आणल्याबरोबर जुन्यात सोडू नये, काही महिने वेगळे ठेवावे, कारण बाहेरून ठणठणीत दिसणारे कासवही श्वसनाचे रोग आणि जंत घेऊन येते. वेगवेगळ्या जाती तर एकत्र ठेवूच नयेत. एकीला न बाधणारा रोग दुसरीचा जीव घेतो. मागे-मागे जाणे, अन्नावर बसणे, अंगावर चढणे, धडका देणे ही छळाची लक्षणे म्हणून या विषयावरच्या पुस्तकांत दिलेली आहेत. मी खेळाची म्हणून जी सांगितली होती, तीच.

आणखी एक गोष्ट वाचण्यात आली. तारा कासवांत मादी आकाराने बरीच मोठी, तिचे पोट सपाट, शेपूट आखूड. नर लहान, त्याच्या पोटाला खळगा, शेपूट लांब. आत्या बुवाला उलटे धरून त्याचे पोट ओल्या फडक्याने पुसत असे, ते मला स्वच्छ आठवते. पोट पाटासारखे सपाट होते. बुवा ही बाई होती. इतकी वर्षे एका घरात राहून आम्हाला एवढेही माहीत नव्हते, आणि मी तिला सोबत आणायला निघालो होतो.

आता कुणी म्हणेल, हे सारे अज्ञानामुळे झाले. माहिती असती तर झाले नसते. मलाही बरीच वर्षे असेच वाटत होते. पण माहिती नसताना माणूस गप्प बसत नाही, काहीतरी करतो. आणि जे करतो ते स्वतःच्या मापाने करतो. आपल्याकडे कुणाला शेतात कासव सापडले की दया येऊन ते विहिरीत किंवा देवळाच्या बारवेत सोडतात. मराठीत कासव हा एकच शब्द. पाण्यातलेही कासव आणि माळावरचेही कासवच. तेलुगूत ताबेलु, कानडीत आमे, तिथेही तेच. विहिरीतल्या मऊ पाठीच्या कासवाचे ते घर असते खरे, पण माळावरच्याला पोहता येत नाही. ते बुडते. सोडणारा मात्र हात जोडून, पुण्य पदरी पाडून घरी जातो.

अशा वेळी चुकते काय? हेतू तर वाईट नसतो. आपल्याला शाळेत शिकवतात की स्वतःला जे हवेसे वाटते ते दुसऱ्यासाठी करावे. हा नियम माणसामाणसांतही जपून वापरावा लागतो, हे तीस वर्षांच्या शिक्षकीत मी शिकलो. मला सोबत हवी होती म्हणून मी बुवाला सोबत दिली. अॅरिस्टॉटल म्हणून गेला की ज्याला समाजाची गरज नाही तो पशू असेल किंवा देव असेल. आम्ही हे वाक्य परीक्षेत लिहून गुण मिळवले. पशूला समाजाची गरज नसेल तर ती लादू नये, एवढा साधा अर्थ त्यातून काढावा असे मला सुचले नाही.

पण याच्या उलट बाजूनेही फार लांब जाता येत नाही. कासव एकलकोंडेच, त्याला दुसऱ्याचे सोयरसुतक नाही, असेही म्हणता येत नाही. २०१० साली ॲना विल्किन्सन या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी लाल पायांच्या दक्षिण अमेरिकी कासवांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे कुंपण, त्यापलीकडे खाऊ. एकट्या कासवाला वळसा घालून जाण्याची युक्ती सुचेना; पण शिकवलेल्या दुसऱ्या कासवाला जाताना पाहिल्यावर ती जमली. आयुष्यभर एकटे राहणाऱ्या जातीलाही दुसऱ्याकडे पाहून शिकता येते. अल्डाब्रा बेटावरची राक्षसी कासवे दुपारच्या उन्हात मोजक्या झाडांच्या सावलीत दाटीवाटीने बसतात. आणि हैदराबादेतला तो चाणक्यही दुसऱ्या कासवाबरोबर एकाच आवारात राहत होता. ते आवार आत्याच्या अंगणाएवढे नव्हते, हा फरक मात्र ध्यानात घ्यायला हवा.

गॅलापॅगोसच्याच पिंटा बेटावर १९७१ साली एक नर कासव सापडले. त्या जातीचे ते शेवटचे. माणसांनी त्याला 'एकाकी जॉर्ज' असे नाव ठेवले आणि मग त्याचा एकाकीपणा घालवण्याच्या मागे लागली. जवळच्या जातीच्या माद्या त्याच्या कुंपणात सोडल्या. पुष्कळ वर्षे त्याने त्यांची विशेष दखल घेतली नाही. २००८ साली अंडी मिळाली, जगभर बातम्या झाल्या. ती फुटली नाहीत. २४ जून २०१२ रोजी जॉर्ज मरण पावला. वंश राखण्यासाठी केलेली ती धडपड होती, तिला नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही. पण 'एकाकी' हे विशेषण जॉर्जचे की त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे, हे कुणी ठरवले?

आपल्या परंपरेतल्या दोन दृष्टांतांत कासव येते आणि दोन्ही वेळा वेगळ्या कामाला लावलेले असते. गीतेत ते आपले अवयव आत ओढून घेते आणि स्थितप्रज्ञाचा दृष्टांत होते. संतांच्या वाङ्मयात कासवी नुसत्या दृष्टीने आपल्या पिलांचे पोषण करते. दूर राहूनही लेकराला वाढवणाऱ्या विठ्ठलाचा तो दृष्टांत. प्राणिशास्त्राला हे मान्य नाही. मादी खड्ड्यात अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिले निघतील तेव्हा ती तिथे नसतेही. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुले हसतात. परंतु दृष्टांत रचणाऱ्याने मायेला अंतर दिले, हे मला अलीकडे फार अर्थपूर्ण वाटू लागले आहे. शोपेनहाउअरने थंडीत ऊब शोधणाऱ्या साळिंदरांची गोष्ट सांगितली: जवळ गेले की काटे टोचतात, दूर गेले की गारठतात, शेवटी त्यांना सोसेल असे अंतर सापडते. गोष्ट छान आहे. पण त्या साळिंदरांना मागे सरकायला जागा होती. माळावर नर कासवाने मादीला धडक दिली तर ती झुडपात निघून जाते, आणि तो प्रसंग तिथे संपतो. आत्याच्या अंगणात तोच प्रसंग तीन महिने चालला. दोन्ही ठिकाणी कासवे तीच, वृत्ती तीच. मध्ये फक्त पुरुषभर उंचीची भिंत होती.

इथवर लेख लिहून मी थांबलो असतो, तर तो कासवांवरचा लेख झाला असता. पण घडले ते सांगायला हवे.

आत्या पुढेही हैदराबादेत एकटीच राहिली. आम्ही देगलूरला बोलवायचो; ती दिवाळीला येई, भाऊबीज करी आणि परत जाई. म्हणे, "मला भेटायला येत जा. ठेवायला नेऊ नका." २०१४ साली ती न्हाणीघरात पडली आणि रात्रभर तशीच पडून होती. सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कळले. एकटे राहण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ही रात्रही हिशेबात धरावी. मी गेलो आणि तिला घेऊन आलो. या वेळी तिला विचारले होते. ती 'हो' म्हणाली. पण पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाच्या होकाराला काय वजन द्यावे?

आमची आई तेव्हा आमच्याकडेच. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. मी आणि पत्नीने विचार केला: दोघी एकाच वयाच्या, दोघी विधवा, नणंद-भावजय. आईच्या खोलीत दुसरी खाट टाकली. "वन्सं आल्या, बरं झालं, सोबत झाली," आई म्हणाली. "वहिनींचा आधार आहे," आत्या म्हणाली. आम्ही खूश. पाहुण्यांना खोली दाखवीत असू.

वर्षभर हे चालले. आत्याला पहाटे चारला जाग येई, ती दिवा लावून जप करी. आईला रात्री उशिरापर्यंत रेडिओ लागे. आत्या खिडकी उघडी, आई बंद. मोठे भांडण कधीच झाले नाही. आवाज चढला नाही, त्यामुळे आमच्या कानांवर काही आले नाही. एके दिवशी पत्नी मला म्हणाली, "तुमच्या लक्षात आलंय का? आई हल्ली ताट घेऊन मोरीपाशी बसतात, भिंतीकडे तोंड करून."

मी जेवत होतो. घास हातातच राहिला.

नंतर फार काही केले नाही. वर गच्चीवर एक खोली होती, अडगळीची. ती रिकामी केली, रंग दिला, जिन्याला कठडा बसवला. वर कुणी राहायचे हे आम्ही ठरवले नाही. त्या दोघींवर सोडले. आत्या म्हणाली, माझा पाय आता जिना चढतो, मी जाते. पहिले दोन महिने त्या एकमेकींशी कामापुरतेच बोलत. मग एकदा दुपारी चारच्या सुमारास आई जिन्याखाली उभी राहून, "वन्सं, चहा टाकलाय," असे म्हणताना मी ऐकले. पुढे तो परिपाठच झाला. अर्धा तास दोघी ओट्यावर बसत, मग आत्या आपणहून उठून वर जाई. एखादे दिवशी ती खाली येतच नसे. तेव्हा आई चारदा जिन्याकडे बघे, पण हाक एकदाच मारी.

हा तोडगा सगळ्यांना जमेल असे नाही. ज्यांच्या घराला दुसरी खोली नाही त्यांना मी काय सांगणार? शिवाय रात्री आत्या वर पडली तर, ही धास्ती मला शेवटपर्यंत होती. खाटेशी एक पितळी घंटी बांधून ठेवली होती. ती कधी वाजली नाही.

कासवांपुरते म्हणाल तर कायद्याने प्रश्न आता सोपा केला आहे. २०१९ साली तारा कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करणाऱ्या यादीत समावेश झाला. २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतून ते पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला गेले. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. घरात एक ठेवावे की दोन, याचे उत्तर एकही नाही, असे आहे. तरीही लक्ष्मी येते म्हणून, वास्तुदोष जातो म्हणून लोक ती घेतातच, आणि आंध्र-कर्नाटकाच्या सीमेवरच्या माळांवरून पोती भरभरून ती उचलली जातात. घेणाऱ्यांत माझ्यासारखे, दयेने घेणारेही असतील.

ते नवे कासव आत्याकडे बारा वर्षे होते. २००३ साली मीच तिला कायदा समजावून सांगितला आणि आम्ही ते वनखात्याच्या स्वाधीन केले. खोक्यात घालताना तिने त्याच्यापुढे जास्वंदीची दोन फुले ठेवली होती.

२०२० च्या हिवाळ्यात आत्या गेली. त्याच्या महिनाभर आधी मी वर तिच्याजवळ बसलो होतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दुसऱ्याला आपण नावच ठेवलं नाही रे."